फाट्यावर माणसं मरतात, मग पैसा का येत नाही?

प्रश्न थोडक्यात असा: गावाला लागून महामार्ग जातो, फाट्यावर दरवर्षी दोन-तीन जण जातात. अपघात झाला की रास्ता रोको होतो, अधिकारी येतात, आश्वासन देतात आणि फार तर एक फलक लागतो. रस्ता सुरक्षेसाठी सरकारकडे पैसा असतो का, तो कुठे द्यायचा हे कोण ठरवतं, आणि तो आपल्या फाट्यापर्यंत यायला काय करावं लागतं? उत्तर महाराष्ट्र धरून देतो. मोटार वाहन कायदा केंद्राचा असल्यामुळे यातलं बरंचसं इतर राज्यांतही चालेल.

पैसा असतो, पण 'रस्ता सुरक्षा' अशी पाटी लावलेली एकच तिजोरी नसते. वळण सरळ करायचं तर पैसा बांधकामाच्या लेखाशीर्षातून, म्हणजे अर्थसंकल्पातल्या खर्चाच्या ठरलेल्या खात्यातून येतो, वेग मोजणारी यंत्रं परिवहन किंवा गृह खात्याकडून, रुग्णवाहिका आरोग्य खात्याकडून. त्यामुळे 'फाट्यासाठी निधी द्या' हे निवेदन नेमकं कोणत्याच टेबलाचं नसतं. ते सगळीकडे फिरतं आणि शेवटी 'उचित कार्यवाहीसाठी अग्रेषित' होऊन कपाटात जातं. अमुक रस्ता, अमुक किलोमीटर, अमुक काम, अमुक कार्यालय असं लिहिलं तरच फाइल उभी राहते.

म्हणून पहिलं काम म्हणजे रस्ता कोणाचा ते शोधणं. राष्ट्रीय महामार्ग असला तरी तो राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरणाकडे असेलच असं नाही. महामार्गाचे कित्येक तुकडे सार्वजनिक बांधकाम विभागाच्या राष्ट्रीय महामार्ग शाखेकडे आहेत, काही रस्ते विकास महामंडळाकडे. राज्य मार्ग आणि प्रमुख जिल्हा मार्ग सार्वजनिक बांधकाम विभागाचे, इतर जिल्हा मार्ग आणि ग्रामीण मार्ग जिल्हा परिषदेचे. फाटा म्हणजे दोन रस्त्यांची भेट, आणि भांडण तिथेच लागतं. महामार्गवाले म्हणतात, जोडरस्ता जिल्हा परिषदेचा, चढावरून थेट महामार्गावर येतो, तो आधी सपाट करा. जिल्हा परिषद म्हणते, महामार्गाचं रुंदीकरण तुम्ही केलं, चढ तुमच्यामुळे झाला. दोघांचंही खरं असतं. हा वाद कागदावर मिटवायची जागा म्हणजे जिल्हा रस्ता सुरक्षा समिती. तिच्याकडे पुढे येतो.

दुसरं काम नोंदीचं. बहुतेक प्रकरणं इथेच मरतात, म्हणून जरा थांबून सांगतो.

राष्ट्रीय महामार्गावरच्या अपघातप्रवण स्थळाची, म्हणजे ज्याला सगळे ब्लॅक स्पॉट म्हणतात त्याची, केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाची व्याख्या अशी आहे: साधारण 500 मीटर लांबीत मागच्या तीन कॅलेंडर वर्षांत मृत्यू किंवा गंभीर दुखापतीचे पाच अपघात, किंवा दहा मृत्यू. राज्यातल्या इतर रस्त्यांसाठीही बहुधा हाच निकष लावतात. यातला प्रत्येक शब्द महत्त्वाचा आहे. तीन कॅलेंडर वर्षं म्हणजे जानेवारी ते डिसेंबर, कुठलेही 36 महिने नव्हेत. किरकोळ दुखापतीचे अपघात मोजणीत येतच नाहीत. आणि 500 मीटर ही मोजायची लांबी आहे, अंदाजाची नाही.

आता ही मोजणी चुकते कशी ते बघा. फिर्यादीत लिहिलेलं असतं 'अमुक फाट्याजवळ'. पुढचा अपघात 'अमुक हॉटेलसमोर', तिसरा 'अमुक गावच्या शिवारात'. तिन्ही जागा एकच, पण यादीत तीन ठिकाणी एकेक अपघात दिसतो आणि एकही ठिकाण निकषात बसत नाही. त्यातून 2010 मध्ये राष्ट्रीय महामार्गांचे क्रमांक बदलले. जुना 4 क्रमांकाचा महामार्ग 48 झाला, कोकणातून गोव्याकडे जाणारा 17 क्रमांकाचा 66 झाला. बोलण्यात मात्र जुनेच आकडे राहिले. रुंदीकरणानंतर किलोमीटरचे दगडही नव्याने लागतात. जुन्या साखळीतला, म्हणजे रस्त्याच्या सुरुवातीपासून मोजलेल्या अंतरातला किलोमीटर नव्या साखळीत दोन-तीनशे मीटर सरकला की 500 मीटरच्या चौकटीतून एक-दोन अपघात बाहेर पडतात.

दुखापतीचंही तसंच. हाड मोडलं तर ती कायद्याने गंभीर दुखापत. पण पहिली नोंद किरकोळ म्हणून झाली आणि नंतर क्ष-किरण अहवालात अस्थिभंग निघाला, तर नोंद दुरुस्त व्हायला हवी. बरेचदा होत नाही. जखमी माणूस मोठ्या शहरातल्या रुग्णालयात हलवला आणि तिथे दगावला, तर मूळ ठाण्याच्या नोंदीत तो जखमीच राहून जातो.

आता अपघातांची नोंद ई-डार या प्रणालीत होते. पोलीस घटनास्थळी मोबाइलवरून माहिती भरतात आणि अक्षांश-रेखांश आपोआप नोंदले जातात. प्रणाली चांगली आहे, आयआयटी मद्रास आणि एनआयसी (सरकारी संगणक सेवा देणारी केंद्राची संस्था) यांनी ती उभी केली. पण माहिती घटनास्थळी न भरता ठाण्यात बसून भरली, तर नकाशावरची खूण ठाण्याच्या अंगणात पडते. एखाद्या पोलीस ठाण्याच्या दारातच भयंकर अपघात होत असल्याचं नकाशावर दिसलं, तर कारण बहुधा हेच. म्हणून तीन वर्षांतल्या प्रत्येक अपघाताचा गुन्हा क्रमांक, तारीख, वेळ, वाहनांचा प्रकार, मृत, गंभीर जखमी आणि मोबाइलवरून घेतलेले जागेचे अक्षांश-रेखांश असा तक्ता स्वतः करा. एक पान पुरतं. मोर्च्याच्या दहा निवेदनांपेक्षा हे पान जास्त काम करतं, कारण अभियंत्याला प्रस्तावात नेमकं हेच जोडावं लागतं.

आता समिती. मोटार वाहन कायद्याच्या कलम 215 मध्ये राष्ट्रीय आणि राज्य रस्ता सुरक्षा परिषद आणि जिल्हा समिती या तिन्हींची तरतूद आहे. सर्वोच्च न्यायालयाने 2014 मध्ये रस्ता सुरक्षेवर देखरेख समिती नेमली आणि नोव्हेंबर 2017 च्या आदेशात राज्यांना सुरक्षा परिषद, समन्वयासाठी प्रमुख संस्था, रस्ता सुरक्षा निधी, कृती आराखडा, जिल्हा समित्या असं सगळं उभं करायला सांगितलं. जिल्हा समितीचे अध्यक्ष जिल्हाधिकारी. पोलीस अधीक्षक, प्रादेशिक परिवहन अधिकारी, रस्त्यांची मालकी असलेली कार्यालयं, आरोग्य विभाग हे सगळे त्यात बसतात. खासदारांच्या अध्यक्षतेखालीही एक जिल्हा समिती असते, तिचा उपयोग मुख्यतः दिल्लीत अडकलेल्या महामार्गाच्या कामांसाठी.

समितीच्या हातात स्वतःचा मोठा पैसा नसतो. तिची ताकद इतिवृत्तात, म्हणजे बैठकीच्या लेखी नोंदीत आहे. 'कार्यवाही: सर्व संबंधित' असं इतिवृत्त आलं तर विषय संपला असं समजा. 'कार्यवाही: कार्यकारी अभियंता, अमुक विभाग, संयुक्त पाहणी अमुक तारखेपर्यंत, अंदाजपत्रक पुढच्या बैठकीत' असं आलं तर पुढच्या बैठकीत त्याच अधिकाऱ्याला त्याच ओळीवर उत्तर द्यावं लागतं. इतिवृत्ताची प्रत माहिती अधिकारात मिळते. मागची तीन इतिवृत्तं शेजारी ठेवून वाचली, की कोणता विषय नुसता पुढे ढकलला जातोय ते लगेच दिसतं.

संयुक्त पाहणीत अभियंता, पोलीस आणि परिवहन असे तिघे एकत्र असावेत, आणि एक फेरी रात्रीची हवीच. दिवसा स्वच्छ दिसणारा फाटा रात्री पूर्ण गायब होऊ शकतो. जोडरस्त्यावर, थांबण्याच्या रेषेपाशी उभं राहून महामार्गावरचं वाहन किती लांबून दिसतं ते मोजायचं. भारतीय रस्ते काँग्रेस (रस्त्यांची तांत्रिक मानकं ठरवणारी संस्था) हिच्या मानकांनुसार ताशी 80 किलोमीटर वेगाला थांबायला 120 मीटर आणि 100 च्या वेगाला 180 मीटर दृष्टी लागते. फाट्याच्या अलीकडे बाभळीचं बेट, वाढदिवसाचा फलक किंवा उभा ऊसवाला ट्रॅक्टर असेल तर ही दृष्टी 60 मीटरवर येते आणि मग सूचनाफलक कितीही लावा, उपयोग नाही. यानंतर टक्कर-आकृती काढतात: प्रत्येक अपघातात कोण कुठून आलं आणि कुठे धडकलं ते बाणांनी एका नकाशावर. पाचपैकी चार बाण एकाच प्रकारचे निघाले की उपाय जवळजवळ ठरतोच. मागून धडक असेल तर थांबलेली वाहनं आणि प्रकाश बघायचा, काटकोनी धडक असेल तर दृष्टी आणि वेग, पादचारी असेल तर बसथांबा नेमका कुठे आहे ते आधी बघायचं. 2022 मध्ये देशातल्या अपघाती मृत्यूंपैकी साधारण 44 टक्के दुचाकीवरचे आणि 19 टक्क्यांहून जास्त पायी चालणारे होते, तरीही बहुतेक अंदाजपत्रकं चारचाकीच्या काचेतून बघून केलेली असतात.

कारण दुसरीकडेच असू शकतं हेही ध्यानात ठेवा. पुण्यात नवले पुलाजवळ नोव्हेंबर 2022 मध्ये एका अवजड वाहनाने एकापाठोपाठ अनेक गाड्यांना धडक दिली, आणि ती जागा त्याआधीही बदनाम होतीच. धडक पुलाजवळ होते, पण गोष्ट सुरू होते कात्रजच्या नव्या बोगद्यापाशी. तिथून लांब उतार लागतो, चालक डिझेल वाचवायला गाडी न्यूट्रल करतो, सगळा भार ब्रेकवर येतो, ब्रेक तापतात आणि खाली पोचेपर्यंत धरत नाहीत. पुलापाशी कितीही पट्ट्या मारल्या तरी वरचा वेग सुटलेलाच राहतो. वेगाची तपासणी, गिअरची सूचना, अवजड वाहनांसाठी थांबा हे उपाय उताराच्या माथ्याला लागतात. तुमच्या फाट्याच्या आधी उतार किंवा लांब सरळ पट्टा असेल तर पाहणी तिथून सुरू करायला सांगा.

उपायांचे दोन भाग करतात आणि दोन्हींचा पैसा वेगळ्या वाटेने येतो.

तात्पुरते उपाय म्हणजे रेषा आखणं, परावर्तक, फलक, झुडपं तोडणं, रंबल पट्ट्या, लुकलुकणारे दिवे. हे साधारणपणे देखभाल-दुरुस्तीच्या पैशातून होतं. राज्याच्या हिशेबात रस्त्यांच्या देखभालीचं मुख्य लेखाशीर्ष 3054. कामाचा आकार तसा छोटाच असतो. दुपदरी रस्त्याच्या 500 मीटरसाठी दोन्ही कडांच्या 15 सेंटिमीटर रुंद रेषा म्हणजे 150 चौरस मीटर थर्मोप्लास्टिक रंग. मधली अखंड रेषा तेवढ्याच रुंदीची धरली तर आणखी 75. परावर्तक खुंट्या दर 9 मीटरला धरल्या तर एका रेषेला साधारण 56. एवढ्यासाठी मंत्रालयाची वाट बघायची गरज नाही, विभागाच्या वार्षिक देखभाल निविदेत हे बसू शकतं.

कायमचे उपाय म्हणजे फाट्याची भूमिती बदलणं, सेवा रस्ता, भुयारी मार्ग, उड्डाणपूल. याला भांडवली पैसा लागतो. राज्याच्या रस्त्यांना लेखाशीर्ष 5054, केंद्राच्या महामार्गांना मंत्रालयाची मंजुरी. वाट ठरलेली असते: अंदाजपत्रक, प्रशासकीय मान्यता, तांत्रिक मान्यता, निविदा, कार्यारंभ आदेश. भूसंपादन लागलं की वर्षं जातात. म्हणून अनुभवी अभियंता आधी सरकारी हद्द मोजतो आणि तिच्यातच बसेल असा आराखडा करतो, जरी तो थोडा कमी देखणा असला तरी. खाजगी कंत्राटावर चालणारा टोलचा रस्ता असेल तर पैसा मागण्याआधी करारनामा काढा. फलक, रेषा, दिवे, संरक्षक कठडे हे कित्येकदा कंत्राटदाराच्या जबाबदारीतच असतात, त्यासाठी वेगळा निधी मागणं म्हणजे त्याचं काम सरकारने करणं. करारात नसलेलं काम 'व्याप्तीतील बदल' म्हणून जातं आणि त्याची मंजुरी वेगळी.

जिल्हा परिषदेच्या रस्त्याला पैसा मुख्यतः जिल्हा वार्षिक योजनेतून येतो, आणि तो जिल्हा नियोजन समितीत ठरतो. इथे खरी गैरसोय आहे. राष्ट्रीय महामार्गांची लांबी देशातल्या एकूण रस्त्यांच्या जेमतेम 2 टक्के, पण 2022 मधल्या 1,68,491 मृत्यूंपैकी 36 टक्के तिथले, त्यामुळे ब्लॅक स्पॉटच्या योजना, मंजुऱ्या, आढावे सगळे तिकडे वळलेले. उरलेले 64 टक्के मृत्यू राज्य मार्ग आणि त्याखालच्या रस्त्यांवर झाले. तिथे काम सुरक्षेच्या नावाने न मागता डांबरीकरणाच्या प्रस्तावातच सुरक्षेच्या बाबी घालणं हा व्यवहारी मार्ग. नवीन थर टाकताना कडांच्या रेषा, साइडपट्ट्यांची भरणी, फाट्यावरचे फलक अंदाजपत्रकात असतील तर वेगळी मंजुरी लागत नाही. ठेकेदाराने दर कमी भरला की आधी याच बाबी कापल्या जातात, तेवढं लक्ष ठेवा.

दंडाचा पैसा कुठे जातो, हा प्रश्न नेहमी येतो. ई-चलनाचा पैसा सरळ रस्त्यावर येत नाही; तो राज्याच्या एकत्रित निधीत जमा होतो आणि अर्थसंकल्पात तरतूद झाली तरच बाहेर पडतो. केरळने 2007 च्या कायद्याने तडजोड शुल्काचा, म्हणजे कोर्टात न जाता जागेवर भरलेल्या दंडाचा निम्मा वाटा रस्ता सुरक्षा प्राधिकरणाला बांधून दिला. असा बांधलेला वाटा असला की खातं दोन-तीन वर्षांचं नियोजन करू शकतं. नाहीतर डिसेंबरच्या पुरवणी मागण्यांत पैसा येतो आणि 31 मार्चला परत जातो. त्या तीन महिन्यांत घाईघाईने काय होतं ते सगळ्यांना माहीत आहे: दिवे, टोप्या, जॅकेटं, फलक. खरेदी लवकर होते म्हणून.

कंपन्यांचा सामाजिक दायित्व निधीही वापरता येतो. जनजागृती, चालक प्रशिक्षण, अपघातग्रस्तांवर उपचार हे त्यात बसतं असं कंपनी व्यवहार मंत्रालयाने 2014 मध्येच स्पष्ट केलं. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर 2016 पासून रस्ते विकास महामंडळ, महामार्ग पोलीस आणि सेव्हलाइफ फाउंडेशन ही स्वयंसेवी संस्था यांनी खाजगी कंपनीच्या मदतीने शून्य मृत्यूचा प्रकल्प चालवला. 2016 मध्ये तिथे 151 जण गेले होते, पुढे हा आकडा निम्म्याच्याही खाली आला. त्यात जादू काही नव्हती. प्रत्येक प्राणघातक अपघाताची जागेवर तपासणी, रस्त्याकडेची टणक बांधकामं काढणं किंवा कठड्याने झाकणं, थांबलेल्या ट्रकवर कारवाई, जखमींना लवकर बाहेर काढणं. उपचाराच्या पैशाचं म्हणाल तर केंद्राच्या 2025 च्या योजनेनुसार अपघातग्रस्ताला सात दिवसांपर्यंत दीड लाख रुपयांचे उपचार रोख न भरता मिळतात; त्यासाठी रुग्णालय योजनेत नोंदलेलं आहे का ते गावाने आधीच बघून ठेवावं.

वेळापत्रक पाळा. पुढच्या वर्षाच्या अर्थसंकल्पात काम यायचं तर प्रस्ताव ऑक्टोबर-नोव्हेंबरपर्यंत विभागाकडे हवा. जिल्हा वार्षिक योजनेचा आराखडाही हिवाळ्यातच ठरतो. जूनमध्ये केलेलं आंदोलन टीव्हीवर दिसतं, पण तेव्हा पैशाचं वाटप झालेलं असतं आणि पावसात थर्मोप्लास्टिक रंगही धरत नाही.

काम झाल्यावर काय बिघडतं ते आता. दुभाजकातली धोक्याची फट बंद करतात, पण पुढचं वळण दोन किलोमीटरवर असतं. मग दुचाक्या उलट्या दिशेने येतात, किंवा महिन्याभरात रात्री कुणीतरी दुभाजक फोडतं. फट बंद करण्याआधी सेवा रस्ता किंवा जवळचं वळण हवंच. गतिरोधकाचंही तसंच. मानक गोलाकार गतिरोधक 3.7 मीटर रुंद आणि 10 सेंटिमीटर उंच असतो, साधारण ताशी 25 किलोमीटरने ओलांडण्यासाठी. गावात जो एक मीटर रुंदीचा उंचवटा रातोरात उठतो तो दुचाकीस्वाराला पाडतो, आणि महामार्गावर तर गतिरोधक घालायचाच नसतो. सौर दिव्याची बॅटरी दोन-तीन वर्षांत संपते. देखभाल निविदेत नसेल तर खांब उरतो. डांबराचे थर चढत गेले की कठडा तितकाच ठेंगणा होतो आणि साइडपट्टी खाली राहते. रस्त्याची कड उतरलेली दुचाकी परत चढताना आडवी होते. कठड्याचं उघडं टोक तर भाल्यासारखं गाडीत घुसतं, ते जमिनीत वळवून पुरलेलं किंवा झाकलेलं हवं. रस्त्याच्या रचनेत मानकं न पाळल्यामुळे मृत्यू किंवा अपंगत्व आलं, तर मोटार वाहन कायद्याच्या कलम 198-अ प्रमाणे अधिकारी, ठेकेदार, सल्लागार यांना एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. रक्कम छोटी आहे, पण पत्रात या कलमाचा उल्लेख आला की संयुक्त पाहणी लवकर ठरते.

आणखी एक फसगत. तात्पुरते उपाय झाले की यादीत ते स्थळ 'सुधारणा पूर्ण' दाखवलं जाण्याचा धोका असतो आणि भुयारी मार्गाचा प्रस्ताव थंड पडतो. इतिवृत्तात 'तात्पुरते उपाय पूर्ण, कायमचा उपाय प्रलंबित' असं वेगळं लिहून घ्या. एक वर्ष अपघात झाला नाही म्हणून फाटा सुधारला असंही मानू नका. फार वाईट वर्षानंतरचं वर्ष काही न करताही थोडं बरं जातं. आधीची तीन वर्षं आणि नंतरची तीन वर्षं समोर ठेवून, आणि जवळच्या हात न लावलेल्या एखाद्या फाट्याशी ताडून बघितल्याशिवाय आकड्यावर विश्वास ठेवायचा नाही.

कामाचं देयक निघण्याआधी शाखा अभियंत्याला घेऊन एकदा रात्री फाट्यावर जा. दोन्ही बाजूंनी हेडलाइटचा झोत खाली (डिपरवर) ठेवून गाडीने या. फलक आणि रेषा चमकतात का, जोडरस्त्याचं तोंड लांबून ओळखू येतं का, नव्या फलकानेच कुणाची दृष्टी अडवलीय का ते बघा आणि उणिवा त्याच रात्री लिहून सही घ्या. दोषदायित्वाच्या मुदतीत, म्हणजे काम संपल्यावर करारात ठरलेल्या हमीच्या काळात, ठेकेदाराला त्या स्वतःच्या खर्चाने दुरुस्त कराव्या लागतात.